दीपगृहासाठी नोकर पाहिजे

मिर्ता सोलारीने फुकट दिलेली वस्तू ओस्वाल्दो पेरेत्ती आधी काठीने ढोसून बघायचा, मग दोरी बांधून ओढायचा, आणि मगच तिला हात लावायचा. अकरा वर्षांत तो एवढं शिकला होता. पहिल्या वर्षी तिने त्याला एक पेटी दिली, त्या पेटीने त्याचा डावा हात खाल्ला. तिसऱ्या वर्षी एक गरीब खेचर दिलं. ते शापित सरदार निघालं, आणि शाप उतरेपर्यंत सहा महिने ओस्वाल्दोकडून रोज खरारा करून घेत राहिलं. पाचव्या वर्षीच्या फुकट जेवणाबद्दल तर बोलायलाच नको. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; ओस्वाल्दो पाणीसुद्धा फुंकून पीत असे.

हे सगळं अर्थात कागदावर. मिर्ता एरवी रोसारियोतल्या एका औषधाच्या दुकानात बसून लोकांना खोकल्याची बाटली देते. गुरुवारी संध्याकाळी मात्र ती खेळाची मास्टर असते. ती गोष्ट सांगते, बाकीचे तिघं गोष्टीतली माणसं होतात, फासे टाकतात, आणि फाशांच्या कृपेने वाचतात किंवा मरतात. दातांचा डॉक्टर रुबेन जादूगार. शाळेच्या कचेरीतली सेलिना चोर. आणि ओस्वाल्दो, वय चौपन्न, उंची सहा फूट एक इंच, नोटरीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी, तो लांब दाढीचा, कुऱ्हाडवाला बुटका.

हा खेळ ओस्वाल्दोच्या इमारतीत, गच्चीवरच्या हॉलमध्ये चालायचा. दुसरी जागाच नव्हती. रुबेनच्या दवाखान्यात खुर्ची एकच, आणि तीवर कुणी हौसेने बसत नाही. सेलिनाकडे तीन कुत्रे, आणि त्यांना फाशांची चव लागलेली. ओस्वाल्दोचं जेवणाचं टेबल भिंतीला चिकटलेलं, एका माणसापुरतं. बायको मुलीकडे कोर्दोबाला गेली ती नऊ वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून त्या टेबलाला दुसरी खुर्ची लागली नव्हती. त्याच्या आठवड्यात वार एकच होता, गुरुवार. बाकीचे सहा दिवस त्याची तयारी.

आता हे इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. हॉलच्या वहीत 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. चौपन्न वर्षांच्या कारकुनाने तिथे 'मी बुटका होतो' असं लिहायचं का? ओस्वाल्दो अकरा वर्षं तिथे सुवाच्य अक्षरात 'वाचनमंडळ' लिहीत आला होता.

तर त्या गुरुवारी मिर्ताने त्यांना एक दीपगृह दिलं. राक्षसिणीला समुद्रात बुडवल्याचं बक्षीस, राहायला, कायमचं. ओस्वाल्दोने तासभर दीपगृहाच्या भिंती ठोकून पाहिल्या. मग ती म्हणाली, "आणि मुख्यालय म्हटलं की नोकर हवा. चौघं उमेदवार आले आहेत. एक निवडा."

तिने कागद पुढे सरकवला. पहिला ग्लुप, हिरवट लगदा, केर खातो. खोड अशी, की जमिनीवर पडलेलं जे दिसेल ते केरच समजतो. दुसरी त्रिस्का, तीन हातांची, दारावर पाहुण्यांची वर्दी देते. खोड अशी, की पाहुण्याबद्दल जे खरं असेल तेही मोठ्याने सांगते. तिसरा स्वयंपाकी भूत. खोड अशी, की भिंतीतून येतो, आणि मेल्यापासून त्याला मीठ कळत नाही. चौथा मोक, घुबडाएवढा, मोठ्या कानांचा, दिवा लावतो आणि दार उघडतो. मोकच्या नावापुढे खोडीचा रकाना रिकामा होता.

ओस्वाल्दोच्या मनात पाल चुकचुकली. "इथे काही लिहिलं नाहीस."

"नाही," मिर्ता म्हणाली.

"म्हणजे खोड नाही?"

"मी फक्त लिहिलं नाही."

"अरे, लगदा घेऊ या ना," सेलिना म्हणाली. "गोड आहे तो."

"तुझी चपला काढायची सवय बघता पहिल्याच दिवशी चपला जातील तुझ्या," रुबेन म्हणाला. "मी म्हणतो, मोक घ्या आणि मोकळे व्हा. मला साडेआठला निघायचंय."

मात्तेचा भोपळा हातोहात फिरत होता. एकाने नळीने कडू चहा ओढून संपवायचा, की मिर्ता वर गरम पाणी घालून पुढच्याला देणार. नळी सगळ्यांची एकच. ओस्वाल्दोकडे भोपळा आला, की तो खिशातून रुमाल काढून नळी पुसायचा. दुसऱ्या कुठल्याही मंडळीत एवढ्यावरून मैत्री तुटली असती. पण हे तिघं अकरा वर्षं ते न पाहिल्यासारखं करत आले होते, आणि ओस्वाल्दोला वाटायचं की त्यांच्या ध्यानातच आलेलं नाही.

"घाईने ठरवायचं नाही," नळी पुसत तो म्हणाला. "मुलाखती घ्यायच्या. आधीच्या मालकांचे दाखले मागायचे. आणि अटी लेखी. मी मसुदा करतो."

"कर," मिर्ता म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने ओस्वाल्दोला झोप लागेपर्यंत सतावलं.

मसुदा चौदा कलमांचा झाला. कचेरीत डबा खायच्या वेळेत त्याने तो टंकला, आणि सवयीने प्रत्येक पानावर आद्याक्षरं घातली. कलम चार: पगार नाही, उरलेली हाडं मिळतील. कलम पाच: झोपायची जागा जिन्याखाली. कलम सहा: रहिवाशांचे पाळीव प्राणी खाऊ नयेत. कलम नऊ: भिंतीतून आत येण्यापूर्वी टकटक करावी. कलम अकरा: पाहुण्यांबद्दल त्यांच्यादेखत खरं बोलू नये. कलम तेरा: अंगातून गळणारा द्रव ज्याचा त्याने पुसावा. कलम चौदा: तीन महिने उमेदवारी, तोवर निवड पूर्ण झाली असं समजू नये. हे चौदावं कलम त्याचं फार लाडकं होतं.

मुलाखतींसाठी शनिवारी जादा हॉल हवा. एका आठवड्यात दुसऱ्यांदा हॉल मागितला, तर नियमाप्रमाणे सविस्तर कारण लिहावं लागतं. ओस्वाल्दोने लिहिलं, 'मुख्यालयासाठी सेवकाची निवड'. दीपगृहाचा उल्लेख त्याने अब्रूपोटी टाळला. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण ज्याने सत्तावीस वर्षं नोटरीकडे काढली, त्याला जोडपत्राशिवाय कागद उघडा वाटतो. त्याने चौदा कलमं जोडपत्र म्हणून टाचली, सही केली, आणि वही व्यवस्थापक बेर्गारा यांच्या पेटीत टाकली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आता दोन गोष्टी. एक, हॉलच्या वहीचं पान दर सोमवारी, जोडपत्रांसकट, लिफ्टमधल्या आरशाला चिकटवतात. दोन, इमारतीचा जुना दरवान अन्सेल्मो मार्चमध्ये निवृत्त झाला होता, आणि नवा कोण येणार यावर सहाही मजल्यांवर कुजबूज चालू होती.

सोमवारी ओस्वाल्दो कामावरून आला, तर लिफ्टमध्ये पहिल्या मजल्यावरच्या दोन्या नेलिदा चष्मा नाकाच्या टोकावर आणून कागद वाचत होत्या. वय एक्क्याऐंशी, म्हणून सगळे त्यांना दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणत. इमारतीत कुणाकडे कोण किती वाजता आलं, याची त्यांच्याकडे पन्नास वर्षांची नोंद होती, तीही तोंडपाठ.

"पेरेत्ती," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

ओस्वाल्दोने आरशात पाहिलं. चौदा कलमांच्या वर त्याला स्वतःचा चेहरा पांढरा पडताना दिसला. "तो एक... मसुदा आहे."

"कलम नऊ चांगलं आहे. अन्सेल्मोने कधी टकटक केली हो? किल्ली फिरवली की आत! मी आंघोळीला असले तरी." त्यांनी बोट खाली सरकवलं. "तेरा पण बरोबर. घाम सगळ्यांनाच येतो, पण पुसावा की माणसाने. मात्र पाळीव प्राण्यांचं काय ते? कुणी खाल्लं कुणाला?"

"खबरदारी म्हणून."

"खबरदारी म्हणे," दोन्या नेलिदा म्हणाल्या. लिफ्ट पहिल्यावर थांबली तरी त्या उतरल्या नाहीत. त्याच्याकडे बघत चौथ्यापर्यंत आल्या आणि तशाच परत खाली गेल्या.

त्यानंतर दोन दिवस त्याला जिन्यात पाय ठेवायची सोय राहिली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मांजरवाल्या बाईंनी कलम सहाबद्दल डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. अन्सेल्मो मांजराकडे कसा बघायचा हे त्यांचं त्यांनाच माहीत. पाचव्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल म्हणाले, जिन्याखाली झोपवायचं हे उत्तम, शिस्त राहते. सहाव्यावरच्या गृहस्थांनी त्याला कोपऱ्यात घेऊन आपल्या भाच्याचं नाव सुचवलं. भाच्याला हाडं चालतील, म्हणाले, पण मधूनमधून भात द्या. ओस्वाल्दोने प्रत्येकाला खरं सांगायला तोंड उघडलं, आणि 'बुटका' हा शब्द ओठांवर येताच मिटलं. आपल्यामागे कुणीतरी कट रचतंय अशी त्याची खात्री होत चालली होती. स्वतःच केलेल्या सहीबद्दल मात्र त्याला संशय आला नाही.

बुधवारी बेर्गारा यांचं पत्र आलं. ते पत्रंही दबक्या आवाजात लिहीत. दरवानांच्या संघटनेकडे तक्रार गेली आहे. बिनपगारी नोकर, जिन्याखाली, हाडांवर. प्रतिनिधी चौकशीला येत आहेत. गुरुवारी सात वाजता हॉलमध्ये रहिवाशांची तातडीची सभा. आणि शेवटी, जाताजाता: हॉलच्या वहीत खोटं प्रयोजन लिहिणाऱ्याला नियम बावीसप्रमाणे दोन वर्षं हॉल बंद.

ओस्वाल्दोने पत्र तीनदा वाचलं. खरं सांगावं, तर अकरा वर्षांचं वाचनमंडळ उघडं पडणार, म्हणजे हॉल गेला. न सांगावं, तर माणसाला हाडांवर राबवणारा म्हणून नाव, आणि हॉल तरीही गेला. इकडे आड, तिकडे विहीर. भिंतीला चिकटलेल्या टेबलाशी बसून त्याने दोन वर्षांतले गुरुवार मोजले. एकशेचार भरले. त्याला रडू आलं, आणि रडताना कुणी बघत तर नाही ना म्हणून त्याने पडदा ओढून घेतला.

सभेला बावीस जण आले. भाडेवाढीला सुद्धा इतके येत नाहीत. मिर्ता, रुबेन आणि सेलिना साक्षीदार म्हणून शेवटच्या रांगेत बसले. संघटनेचे प्रतिनिधी गालार्सा दाराइतके रुंद होते. त्यांनी फाइल उघडली.

"साथी पेरेत्ती, नोकराचं नाव काय?"

"अजून ठरलेलं नाही."

"चौघं आहेत," सेलिना मदतीला धावून म्हणाली. "एक त्यातला लगदा आहे."

"आजारी माणसाला लगदा म्हणता?" गालार्सांचा आवाज चढला. "आणि बाकीचे?"

"एक मेलेला आहे," रुबेन प्रामाणिकपणे म्हणाला.

हॉलमध्ये गलका झाला. मांजरवाल्या बाई उभ्या राहिल्या. कर्नल म्हणाले, मेलेल्याला निवृत्तिवेतन कोण देणार. ओस्वाल्दोला दिसलं, की आता गप्प राहणं शक्य नाही. तो उठला. सहा फूट एक इंचाचा माणूस कोट सारखा करत म्हणाला, "मित्रहो, मी बुटका आहे."

सगळ्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"गुरुवारी," तो म्हणाला. "दर गुरुवारी. हा खेळ आहे. या बाई गोष्ट सांगतात, आणि मी... माझ्याकडे कुऱ्हाड असते. नोकर दीपगृहासाठी हवा आहे. दीपगृहही नाही आहे. काहीच नाही आहे. वाचनमंडळ नव्हतं कधीच." त्याचे कान लाल झाले होते. आता हसतील, असं त्याला वाटलं. हसले असते तर परवडलं असतं. कुणी विश्वासच ठेवला नाही.

"पेरेत्ती," सहाव्यावरचे गृहस्थ म्हणाले, "थाप मारायची तर जरा बेताची मारावी. तुम्ही नोटरीकडे आहात."

"माझ्या भा... एखाद्या लायक माणसाचा पत्ता कापायला रचलंय हे," त्यांनी मागाहून जोडलं.

"खेळ आहे ना?" दोन्या नेलिदा पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "मग खेळून दाखवा. आमच्यासमोर. बघू या."

मिर्ता उठली. तिने पुढच्या टेबलावर नकाशा पसरला, फासे ठेवले, आणि घसा साफ केला. "समुद्र खवळलेला आहे," ती म्हणाली. "दीपगृहाच्या दाराशी चार उमेदवार भिजत उभे आहेत. पहिल्याला बोलवा."

ग्लुपची मुलाखत दहा मिनिटं चालली, आणि तेवढ्यात कर्नलांनी त्याला दोनदा ताठ उभं राहायला सांगितलं. त्रिस्का आत आली आणि मिर्ताच्या तोंडून सहाव्या मजल्याच्या भाच्याबद्दल असं काही बोलली, की कलम अकराची गरज सर्वांना पटली. स्वयंपाकी भुताची बाजू गालार्सांनी घेतली. त्यांनी आधी विचारलं, हा खरोखर नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "नसला म्हणून काय झालं! खिडकी हवी. आणि आठवड्याची सुट्टी. ती मिळाल्याशिवाय तो पळी उचलणार नाही." बेर्गारा दबक्या आवाजात सगळं इतिवृत्तात लिहीत होते.

शेवटी मोक आला. ओस्वाल्दो अटी हातात धरून पुढे सरसावला. याला त्याने सापळ्यात पकडायचं ठरवलं होतं. "हात वर. तोंड उघड. कानात काय लपवलंयस? शपथपत्र आणलंस?"

"नाही हो," मिर्ता मोकच्या बारीक आवाजात म्हणाली.

"बघा! लपवतोय!"

"अहो पेरेत्ती, बसा खाली," दोन्या नेलिदा म्हणाल्या. "घामाघूम केलंत त्याला. मी पन्नास वर्षं नोकरमाणसं पाहिलीत. सरळ विचारायचं असतं." त्या नकाशाकडे वाकल्या. "काय रे बाळा, तुझी खोड काय?"

"मी कुणावरच संशय घेत नाही, आजी," मोक म्हणाला. "माझं आधीचं काम त्याच्यामुळेच गेलं."

ओस्वाल्दोच्या हातातला कागद खाली आला. "मिर्ता, हे तू लिहिलं का नाहीस?"

"रिकामं ठेवून बघत होते," मिर्ता आपल्या आवाजात म्हणाली. "तू चौदा कलमं केलीस, ओस्वाल्दो. त्यात प्रश्न एकही नाही. अकरा वर्षांत तू त्या पेटीलासुद्धा विचारलं नाहीस, बाई गं, तू चावतेस का."

"चावते म्हणाली असती?"

"विचारलं असतंस तर सांगावंच लागलं असतं तिला."

हे त्याच्या वर्मी लागलं. भोपळा फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला होता. आज नळी दोन्या नेलिदांपासून गालार्सांपर्यंत सगळ्यांनी ओढली होती. त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मग त्याला दिसलं, की रुबेन, सेलिना आणि मिर्ता तिघंही अगदी ठरवून खिडकीबाहेर बघताहेत. म्हणजे यांना माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं! त्याला इतकी लाज वाटली, की रुमाल खिशातच राहिला. त्याने नळी तशीच तोंडाला लावली, आणि म्हणाला, "मोकला घेऊ या."

मतदान झालं. मोक एकवीस, भाचा एक.

"आता नियम बावीस," बेर्गारा म्हणाले. "खोटं प्रयोजन. हॉल दोन वर्षं..."

"थांबा," गालार्सा म्हणाले. "आजचा विषय काय? सेवकाची निवड. तो विषय पूर्ण झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही. आणि जोडपत्राचं कलम चौदा वाचा. तीन महिने निवड पूर्ण झाली असं समजू नये. सही आहे खाली."

बेर्गारांनी वाचलं. प्रत्येक पानावर आद्याक्षरंही होती. "मग तीन महिन्यांनी बघू," ते म्हणाले, आणि त्यांना बरंच वाटल्यासारखं दिसलं. ओस्वाल्दोने सत्तावीस वर्षांत अनेकांचे कागद वाचवले होते. कागदाने त्याला वाचवण्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या गुरुवारी त्याने वही उघडली. 'प्रयोजन' या रकान्यापुढे पेन धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग सुवाच्य अक्षरात त्याने लिहिलं, 'मी बुटका होतो', सही केली, आणि कधी नव्हे ते जोडपत्राशिवाय वही मिटली. या सगळ्यात त्याला पंधरा मिनिटं उशीर झाला.

वर आला तर हॉलमधून आवाज येत होते. त्याने दार आधी बोटाने ढकलून पाहिलं. टेबलाभोवती तेरा माणसं होती. मांजरवाल्या बाई चेटकीण झाल्या होत्या आणि मांजर खरंच मांडीवर होतं. कर्नलांनी तलवार मागितली होती. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ भाच्याला घेऊन आले होते. गालार्सा म्हणे मोकच्या कामाची पाहणी करायला आले होते, पण त्यांच्यापुढे फासे होते.

"हे काय आहे?" ओस्वाल्दोने दारातूनच विचारलं.

मिर्ता हसली, तेच हसू. "तुम्ही तिघं आठवडाभर दीपगृहात नव्हता. दीपगृहाचं दार कुणीकुणी ठोठावलं, मोकने उघडलं. तो संशय घेत नाही ना."

"मला माहीत होतं!" ओस्वाल्दो ओरडला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की यात सापळा आहे! आणि माझी खुर्ची कुठाय?"

खुर्ची खरंच उरली नव्हती. दोन्या नेलिदांनी पायाने टेबलाखालून एक बुटकं स्टूल ओढून काढलं आणि आपल्या शेजारी ठेवलं. "या इथे. बुटक्याला पुरे तेवढं."

तो बसला. गुडघे हनुवटीशी आले, आणि टेबल त्याच्या नाकाच्या उंचीला. एका बाजूने दोन्या नेलिदांचं कोपर, दुसऱ्या बाजूने गालार्सांचा खांदा, आणि मांजराची शेपटी अधूनमधून दाढी नसलेल्या हनुवटीवरून फिरत होती. कुणीतरी हातात भोपळा दिला. त्याने नळी ओढली. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. इतकं, की त्याने भोपळा खाली ठेवला आणि तेराही चेहऱ्यांकडे एकेक करून बारकाईने पाहून घेतलं. यात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं.